नारळावर ठेवलेला हात

रानमास्तरांच्या नावानं कुठं टाळ्या वाजल्या की अजून माझं डोकं तापतं. मास्तरांवर नाही हो, तसा माणूस आमच्या डोंगरावर पुन्हा आला नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांवर. नातवंडं म्हणतात, आजी, किती वर्षं झाली, आता सोड की. हा राग माझ्या एकटीचा असता तर सोडलं असतं. तो आईचाही आहे, आणि ती तर बोललीच नाही कधी. म्हणून म्हटलं, लिहून तरी ठेवावं. मी शाळेत सातवीपर्यंत गेले, पुढचं सगळं चुलीपुढं बसून आपलं आपण वाचलं, लिहिलं. तेव्हा वाक्य कुठं वाकडं गेलं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

आमची वाडी पोलादपूरच्या अंगाला. कापड्याला एसटीतून उतरायचं आणि तिथून चढायला लागायचं ते पोटऱ्या दुखेपर्यंत. बाबा मुंबईला गोदामात कामाला, गणपतीला आणि शिमग्याला यायचे. घरात आई, मी आणि दोन म्हशी. सकाळ उजाडायची ती आईच्या भाकरी थापायच्या आवाजानं. नाचणीची भाकरी ती हातावरच थापायची, थप थप थप, आणि मध्येच थांबली की समजायचं, चुलीतलं लाकूड पुढं सारतेय. कुळथाचं पिठलं, निखाऱ्यावर भाजलेली सुकट, पावसाळ्यात टाकळ्याची भाजी. याच्यापलीकडे काही खायचं असतं हे मला महाड बघितल्यावर कळलं.

रानमास्तर आमच्या एकशिक्षकी शाळेचे मास्तर. नाव त्यांचं वेगळं होतं, पण पोलादपुरापासून महाडापर्यंत सगळे रानमास्तरच म्हणायचे. शाळा सोमजाईच्या देवळाच्या पडवीत, मास्तर झोपायचे तिथंच, आणि जेवायला पाळीनं एकेका घरी. आमच्याकडं जेवताना बाहेर पाखरू बोललं की त्यांचा घास हातात राहायचा आणि दुसऱ्या हाताचं बोट वर. कुणी बोलायचं नाही. आई वैतागायची. "मास्तर, पाखरू हितलंच हाय, उद्यापण येईल. पिठलं गार झालं ते परत ऊन नाय व्हायचं." मग मास्तर हसायचे आणि खाली मान घालून जेवायचे.

रात्री कंदिलाशी बसून ते लिहायचे. ते लिखाण पेपरात यायचं, पुढं त्याचं बारकंसं पुस्तकही झालं. आम्हांला एवढंच कळायचं की आपल्या वाडीचं पाणी, आपली माकडं, आपलं करवंद कुणी पुण्यात बसून वाचतंय. आणि नुसतं लिहीत नव्हते ते. खालच्या जंगलात कोळशाच्या भट्ट्या लावायला ठेकेदार आला, तेव्हा मास्तरांनी सगळी वाडी नेऊन झाडांखाली बसवली. बायकापोरं, भाकरीची फडकी, तान्ही मुलं, सगळं. ठेकेदाराचे ट्रक रिकामे परत गेले. आमच्या भागात असलं काही त्याच्याआधी कुणी केलं नव्हतं. मला सातवीनंतरही त्यांनी सोडलं नाही. "कुसुम, आज काय ऐकलंस ते लिहून आण." मी लिहिलं, भारद्वाज ओरडला. ते म्हणाले, ओरडला हे भारद्वाजालाही माहीत आहे, कसा ओरडला ते लिही. मग मी दोन दिवस कान लावून बसले आणि लिहिलं, कुणी अरुंद तोंडाच्या घड्यात पाणी ओततंय असा. मास्तरांनी ते सगळ्या शाळेला वाचून दाखवलं. त्या दिवसापासून मला लिहायचं वेड लागलं, ते आजचा दिवस.

आता राबाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमची जमीन डोंगरउताराची, तांबडी, खडकाळ. भाताचं, नाचणीचं रोप करायचं तर त्या जागेवर आधी राब भाजावा लागतो. म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाला ऐनाच्या झाडांच्या फांद्या छाटायच्या, त्यांची कवळं, म्हणजे भारे, बांधायची, वाळवायची, रोपाच्या जागेवर पसरायची आणि वर माती घालून पेटवायची. त्यानं तण जळतं, जमीन मोकळी होते, रोप जोरात येतं. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर वर्षाचं धान्य नाही. इतकं सरळ आहे. झाड मरत नाही, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फुटतं. मास्तरांनी एवढंच केलं होतं की वाडीला बसवून वाटण्या पाडल्या. यंदा हा उतार छाटायचा, पुढल्या वर्षी तो, आणि शेंडा कुणी तोडायचा नाही. त्यांनी राब बंद करा असं कधी, चुकूनसुद्धा, म्हटलं नाही. राबाच्या दिवशी स्वतः कवळं उचलायला यायचे आणि आमच्यासारखेच काळे होऊन घरी जायचे.

ते गेले महाडला, तापानं. त्यांना नीट अग्नी देऊन वाडीतली माणसं परत आली आणि वर्षाच्या आत महाडात समिती निघाली. तिचे अध्यक्ष एक वकीलसाहेब. मास्तरांच्या वाढदिवसाला दोन दिवसांचा सोहळा. पाखरांच्या फोटोंचं प्रदर्शन, भाषणं, निसर्गावर निबंधांची स्पर्धा, फेरी. खोटं कशाला बोलू, मला पहिल्यांदा फार बरं वाटलं. हॉलमध्ये मास्तरांचा फोटो एवढा मोठा, हार घातलेला, आणि लोक त्यांचं लिखाण मोठमोठ्यानं वाचतायत. मी दुसऱ्या वर्षी स्पर्धेला लिहून पाठवलं, पहाटे उठल्यापासून घरात काय काय आवाज येतात त्यावर. ते पहिलं आलं. वकीलसाहेबांनी स्टेजवर माझ्या डोक्यावर हात ठेवून जाहीर केलं की या मुलीला समिती महाडला आणणार. त्यांच्या बहिणीकडं राहायचं, समितीच्या वाचनालयात काम करायचं आणि बाहेरून दहावीला बसायचं. मी वेडी झाले होते. वाचनालय! म्हणजे उठल्यापासून झोपेपर्यंत पुस्तकं. आई घरी येऊन सगळ्यांना सांगत सुटली. आमच्या शेजारच्या सखूआत्या म्हणाल्या, "कुशे, तू जाशील गो, पण तुझ्या आयशीचं बोलणं ऐकायला मग आम्हीच उरलो."

तिसऱ्या वर्षी समितीनं ठरवलं, सोहळा मास्तरांच्या कर्मभूमीत करायचा. कर्मभूमी हा त्यांचा शब्द. आम्ही वाडी म्हणायचो. आठवडाभर बायका राबल्या. अंगणं सारवली, देवळापुढचं आवार झाडून घेतलं. आणि पाहुणे यायचे, तेही मास्तरांच्या नावानं यायचे, म्हणजे मांडव हवाच. आमच्याकडं मांडव कापडाचा नसतो. जांभळीचे, आंब्याचे हिरवे डहाळे आणून वर छप्पर करायचं, ते जितकं दाट तितका पाहुण्याचा मान मोठा. लग्नाला करतो, गोंधळाला करतो. गड्यांनी इतका दाट मांडव घातला की खाली उभं राहिलं तर अंगावर हिरवा उजेड पडायचा.

गाड्या कापड्याला ठेवून वकीलसाहेब आणि त्यांची मंडळी धापा टाकत वर आली. साहेबांनी घाम पुसला, मांडवाकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा कडू झाला.

"हे काय? ज्या माणसानं झाडं वाचवायला आयुष्य घातलं, त्याच्याच कार्यक्रमाला तुम्ही झाडं तोडून मांडव घातलात?"

सखूआत्यांचं तोंड कधी बंद नसायचं. त्या म्हणाल्या, "मग काय करावं साहेब, तुमच्या डोक्यावर आम्ही लुगडी धरून उभ्या राहू काय?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. साहेब हसले नाहीत. मला वाटतं, सगळं त्या हसण्यानं बिघडलं. शहरातल्या मोठ्या माणसाला वाडीतली बाई सगळ्यांदेखत बोलली, हे त्यांना पचलं नाही. ते आपल्या मंडळींशी बाजूला जाऊन बोलले, खिशातला कागद काढून त्यावर काहीतरी लिहिलं, मग गुरवाला बोलावून विचारलं, "तुमच्याकडे शपथ कशी घेतात?"

गुरव बिचारा भोळा. विचारलं ते सांगितलं. सोमजाईपुढं नारळ ठेवायचा, त्यावर हात ठेवायचा. ठेवला की झालं. आमच्याकडं बांधाची भांडणं, भावाभावांची भांडणं तिथंच मिटतात. नारळावर ठेवलेला हात कुणी फिरवत नाही. आणि तो नारळ तिथंच राहतो, देवीच्या पायाशी. ज्यानं हात ठेवायला लावला त्यानंच परत येऊन तो उचलला, तरच माणूस मोकळं होतं. दुसऱ्या कुणाचं काम नाही. साहेबांनी मान डोलावली. "छान. तसंच करू. लोकांच्या परंपरेतून प्रबोधन." हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, आणि तेव्हापासून तो मला आवडत नाही.

कागद त्यांनी माझ्या हातात दिला. "कुसुम, तू माईकवर वाच, मग एकेकानं येऊन हात ठेवायचा." मी आधी मनात वाचलं. मी शपथ घेते की यापुढे मी कोणत्याही झाडाची फांदी तोडणार नाही, तोडायला कुणाला सांगणार नाही. मी म्हटलं, "साहेब, आणि राब?"

"राब ही जुनी खोड आहे. आता खतं मिळतात, ती घाला."

"मास्तर स्वतः राबाला यायचे साहेब."

ते माझ्याजवळ आले आणि अगदी प्रेमानं, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुला महाडला यायचंय ना?"

बघा, ओरडले असते तरी मला एवढा राग आला नसता.

मी आईकडं गेले. ती पुढंच बसलेली, नवं लुगडं नेसून. कागदात काय आहे ते तिला कानात सांगितलं. ती म्हणाली, "वाच की गो. भाषणं काय, येतात नि जातात." आणि तेवढ्यात गुरव नारळ घेऊन आला. हळदकुंकू लावलेला. तो त्यानं देवीपुढं ठेवला. आईनं तो बघितला, आणि तिचं तोंड असं मिटलं की मला पुढं काही विचारायचं धाडस झालं नाही.

मी माईकपुढं उभी राहिले. समोर सगळी वाडी. राबाचे दिवस महिन्यावर आलेले. म्हातारी माणसं नारळाकडं बघतायत, माझ्याकडं नाही. मी म्हटलं, "मी हे वाचणार नाय." माईकमधून ते इतकं मोठं ऐकू आलं की मीच दचकले. मग म्हटलं, "मास्तरांनी आम्हांला तोडू नका असं नाय सांगितलं कधी. साहेबांनी पायजे तर वाडीत कुणालाही विचारावं." आणि कागद ठेवून खाली बसले.

साहेबांनी कागद उचलला, स्वतः वाचला, खणखणीत. मग म्हणाले, "या, पुढे या." कुणी हललं नाही. मागं चुलीवर भात, चिंचेची आमटी, वडे सगळं तयार होऊन गार होत होतं. दारात आलेला पाहुणा हात पसरून उभा आहे आणि आपण बसलोय, ही आमच्याकडं मेल्याहून मेल्यासारखी गोष्ट. साहेब म्हणाले, "मला वाईट वाटतं. ज्या वाडीतून आपण एका मुलीला शिकायला नेणार, तिथं ही तयारी नसेल, तर त्या मुलीबद्दलही समितीला फेरविचार करावा लागेल."

आई उठली. सखूआत्यांनी तिचा पदर धरला, "खाली बस गो, येडी काय तू?" तिनं पदर सोडवून घेतला. चालत गेली, वाकली आणि नारळावर हात ठेवला. टाळ्या! महाडच्या मंडळींनी अशा टाळ्या वाजवल्या, फोटोवाला धावला, तिला म्हणाला, बाई, हात तसाच राहू द्या, इकडे बघा. तिनं हात तसाच ठेवला आणि तिकडं बघितलं. बाकी कुणी उठलं नाही. मंडळी जेवली, वडे छान झालेत म्हणाली, आणि उतरली. पुढच्या आठवड्यात महाडच्या पेपरात फोटो आला. खाली छापलं होतं, सगळ्या वाडीनं वृक्षरक्षणाची शपथ घेतली.

मी आईशी भांडले. "कशाला ठेवलास हात? मी सांगितलं होतं तुला?"

"तुझं महाड जात होतं."

"जाऊ दे ना महाड!"

"गप. माझं मी बघीन." एवढंच.

काय बघणार होती? राबाचे दिवस आले. वाडीभर कोयत्यांचा आवाज सुरू झाला, एका उतारावरून दुसऱ्या उताराला उत्तर दिल्यासारखा, आणि आमचा कोयता आढ्याला टांगलेला. सखूआत्या आल्या. "तुझा हात बांधलेला हाय, माझा नाय. ह्यांना सांगते, तुझी कवळं तोडून देतील." आई म्हणाली, "मी हो म्हटलं तर ते मी सांगून तोडल्यासारखंच झालं. कागदात तसं हाय. नको." लिहिणाऱ्यानं ते वाक्य पुरं व्हावं म्हणून लिहिलं असेल. माझ्या आईनं ते अक्षर न् अक्षर पाळलं. ती रोज म्हशी घेऊन जायची, रिकाम्या रोपाच्या जागेवरून वळसा घालून.

मी महाडला गेले. साहेबांच्या ऑफिसात भिंतीवर तोच फोटो, काचेत लावलेला. आईचा हात, नारळ, आणि मागं अर्धा कापलेला गुरव. साहेब खूश झाले. "ये ये, सोमवारपासूनच ये कामाला. झालं गेलं विसरलो मी. आणि आईला सांग, पुढच्या वर्षी तिचा सत्कार आहे."

मी म्हटलं, "साहेब, सत्कार नको. तुम्ही एकदा वर या आणि तो नारळ उचला. आई राब करीना झाली."

त्यांना आधी कळेचना. कळल्यावर हसले. "अगं, ती प्रतीकात्मक शपथ होती! सांग तिला, मी मोकळी केली म्हणून."

"असं निरोपानं नाय होत. तुम्हीच येऊन उचलायला लागतो."

"एका नारळासाठी मी तो डोंगर चढू? आणि पेपरात आलंय कुसुम, आता मीच जाऊन उचलला तर लोक काय म्हणतील?" मग आवाज खाली करून, अगदी आपलेपणानं म्हणाले, "हे बघ, तोडायचंच असेल तर गुपचूप तोडा ना. तिथं कोण बघायला येतंय?"

इतकी वर्षं झाली, मी हे लिहितानासुद्धा माझा हात थांबतोय. त्या माणसानं आमच्या देवीपुढं, आमच्या रीतीनं, माझ्या आईचा हात बांधला, आणि त्याच्या लेखी ते काहीच नव्हतं. तिनं ती शपथ मोडली काय नि पाळली काय, त्याला फोटो मिळाला होता. मास्तरांचंही त्यानं तेच केलं, असं मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. मास्तर जेवले कुणाच्या घरी, काळे झाले कशानं, हे त्याला नकोच होतं. त्याला हार घालायला एक फोटो हवा होता.

मी उठले. म्हटलं, "साहेब, मी सोमवारी येत नाय."

"मग कधी येतेस?"

"येतच नाय."

त्यांनी पुढं काही म्हटलं असेल, मी ऐकलं नाही. एसटी स्टँडवर उभी राहिले तेव्हा ते वाचनालय सारखं डोळ्यांपुढं येत होतं. रडले नाही. रडले असते तर बरं झालं असतं.

घरी सांगितलं काहीच नाही, आईनंही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती म्हशी घेऊन बाहेर पडल्यावर मी आढ्यावरचा कोयता काढला. मी नारळावर हात ठेवला नव्हता, मी ते माईकवर वाचलंसुद्धा नव्हतं. आणि मला तोडायला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या वाटणीच्या उतारावर पहिल्या ऐनावर चढले. तोवर मी फक्त खाली राहून कवळं बांधलेली, झाडावर चढून छाटायचं काम आईचं. पहिले घाव वाकडेतिकडे पडले, हाताला झिणझिण्या आल्या. प्रत्येक घावाला मी मोठ्यानं एकेक शिवी घालत होते, ज्या मला येत होत्या तेवढ्या सगळ्या वकिलाला घालून संपल्या, मग पुन्हा पहिल्यापासून.

खालून पाचोळा वाजला. आई म्हशी घेऊन झाडाखाली आली होती. ती वर बघेना. तिला बघायचंच नव्हतं, बघितलं असतं तर नको म्हणावं लागलं असतं. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून ती जरा उभी राहिली आणि म्हशीलाच म्हणाली, "कोण तोडतंय कुणास ठाऊक, बाय. आपल्याला काय करायचं. पण पायाखालची ती डावीकडची फांदी आतून वाळकी हाय, एवढं त्याला कळलं म्हणजे झालं."

मी डावा पाय उचलला आणि बुंध्याशी ठेवला. ती म्हशी हाकत पुढं गेली, आणि मी छाटायला लागले.